वडिलांचे वजन : एका पुत्राने लिहिलेली दोन पुस्तके

धर्मग्रामातील एखादे वडीलधारे माणूस निवर्तले की वर्षभराने त्याच्या मुलांपैकी कोणी तरी स्मृतिदिनाचा मजकूर घेऊन आमच्याकडे येतो आणि म्हणतो, ‘फादर, एकवार नजर टाका.’ असे शेकडो मजकूर आजवर आमच्या हातांखालून गेले. कष्टाळू, मनमिळाऊ, परोपकारी आणि धार्मिक वृत्तीचे, ही चार विशेषणे बहुतेक प्रत्येकात असतात. ती खोटी असतात असे नव्हे. परंतु नावे झाकून ठेवली तर कोणता मजकूर कोणाच्या वडिलांचा, हे त्यांच्या मुलांनाही ओळखता येऊ नये. अर्थात इतरांना बोल लावण्याचा आम्हाला फारसा अधिकार नाही. स्वतःच्या वडिलांच्या अंत्यविधीत आम्ही याहून वेगळे काही केले नव्हते. त्याविषयी शेवटी लिहू. आधी ज्या ग्रंथाने हा विचार मनात रुजवला, त्याचा परिचय करून देतो.

एडमंड गॉस या इंग्रज लेखकाने आपल्या वडिलांवर दोन पुस्तके लिहिली. वडील फिलिप हेन्री गॉस १८८८ साली वारले. दोन वर्षांनी, १८९० मध्ये, पुत्राने त्यांचे रीतसर चरित्र प्रसिद्ध केले. पुढे १९०७ मध्ये ‘फादर अँड सन’ हे दुसरे पुस्तक आले, तेही प्रथम लेखकाचे नाव न घालता. पहिले आज अभ्यासकांखेरीज फारसे कोणी उघडत नाही. दुसरे शंभर वर्षांहून अधिक काळ वाचले जात आहे. पिता तोच, पुत्र तोच. मग असे का व्हावे?

फिलिप हेन्री हे समुद्रजीवांचे नामांकित अभ्यासक होते. काचेच्या टाकीत समुद्राचे पाणी, वनस्पती आणि जीव एकत्र जगवण्याची जी हौस इंग्लंडमध्ये पसरली, तिला त्यांच्या १८५४ सालच्या ‘द अ‍ॅक्वेरियम’ या ग्रंथाने मोठी चालना दिली. दुसरीकडे ते ‘ब्रदरन’ या अत्यंत कडक प्रॉटेस्टंट पंथाचे निष्ठावान अनुयायी होते. नाताळ साजरा करणे त्यांच्या लेखी मूर्तिपूजाच होती. १८५७ च्या नाताळात घरातील मोलकरणींनी गुपचूप पुडिंग केले आणि त्यातला एक तुकडा लहानग्या एडमंडला दिला. मुलाच्या मनाला टोचणी लागली, त्याने रडत वडिलांना सांगितले. वडिलांनी उरलेले पुडिंग उचलून राखेच्या ढिगाऱ्यात फेकले! पोपमहोदयांच्या राज्यात काही गडबड झाल्याची बातमी आली की या घरात आनंद होई. आम्हा कॅथलिकांना हे वाचताना राग येण्याऐवजी हसूच येते, आणि ते लेखकाच्या संयमाचे श्रेय आहे.

त्याच वर्षाच्या फेब्रुवारीत एडमंडची आई कर्करोगाने वारली होती. पोर सात वर्षांचे होते. त्याच वर्षी वडिलांनी ‘ओम्फॅलोस’ हा ग्रंथ प्रसिद्ध केला. ओम्फॅलोस म्हणजे नाभी. आदाम जसा जन्माला न येताही नाभीसह निर्माण झाला असेल, तशी पृथ्वीही आपल्या भूतकाळाच्या खुणांसह, खडकांतील जीवाश्मांसह, एकाच क्षणी घडवली गेली, असा त्यांचा सिद्धान्त. विज्ञान आणि बायबल यांचा मेळ घातला, असे त्यांना वाटत होते. प्रत्यक्षात शास्त्रज्ञ हसले आणि श्रद्धावंतांनीही पाठ फिरवली. पत्नी गेलेली, ग्रंथ पडलेला, असा हा माणूस मुलाला घेऊन डेव्हनच्या किनाऱ्यावरील सेंट मेरीचर्च येथे राहत होता.

या ठिकाणी पुस्तकातील सर्वांत सुंदर पाने येतात. ओहोटीच्या वेळी खडकांतल्या डबक्यांत बाप उतरतो, दगड उलटतो, मुलगा शेजारी वाकून पाहतो. एरवी कठोर दिसणारा हा माणूस पाण्यात उतरला की आनंदी होतो. दुसरे एक दृश्य घरातले. तारुण्यात परदेशी भटकताना सोबत बाळगलेला व्हर्जिल वडील कपाटातून काढतात आणि त्याच्या लॅटिन ओळी म्हणू लागतात. मुलाला अर्थ कळत नाही, पण नादाने तो भारला जातो. पुढे साहित्याची जी ओढ त्याला पित्याच्या पंथापासून दूर नेणार होती, तिचे बीज पित्याच्याच आवाजातून पडावे, हे लेखकाने मोठ्या कृतज्ञतेने नोंदवले आहे.

१८९० च्या चरित्रात पित्याची विद्वत्ता आणि कीर्ती आहे. १९०७ च्या पुस्तकात त्यांचा हट्ट, भय आणि एकाकीपण यांचीही भर पडते. त्यामुळेच त्यांचे प्रेम आपल्याला दिसते. पुत्राच्या जन्मदिवशी वडिलांनी रोजनिशीत एकाच नोंदीत दोन गोष्टी टिपल्या: मुलगा झाला, आणि जमैकाहून एक हिरवी पाकोळी आली. दुसरा लेखक असता तर याचे रडगाणे झाले असते. गॉस मात्र नोंदींचा क्रम घटनांच्या वेळेप्रमाणे असल्याचे सांगतो, आणि मिस्कीलपणे पुढे जातो.

मात्र या पुस्तकात एक उणीव आहे. ते प्रसिद्ध झाले तेव्हा वडिलांना जाऊन एकोणीस वर्षे झाली होती. त्यांना उत्तर देता येणे शक्य नव्हते. आपण सर्व काही सत्यच सांगत आहोत, अशी ग्वाही लेखक प्रस्तावनेत देतो. परंतु अ‍ॅन थ्वेट या चरित्रकर्तीने २००२ मध्ये फिलिप हेन्रींचे स्वतंत्र चरित्र लिहून ते पुत्राने रंगवले त्याहून अधिक मोकळे आणि प्रेमळ होते, असे दाखवून दिले. म्हणजे गौरवाने जसा माणूस झाकला जातो, तसा तक्रारीनेही काहीसा झाकला जातो. मुलाच्या स्मरणशक्तीला सत्याचे अंतिम प्रमाण मानता येत नाही, हे वाचकाने ध्यानी ठेवावे.

सेमिनरीत हिब्रू शिकवताना आमच्या गुरुजनांनी सांगितलेली एक गोष्ट येथे आठवते. आईवडिलांचा मान राखण्याची जी चौथी आज्ञा आहे, तिच्यातील क्रियापद ‘वजन’ या अर्थाच्या धातूपासून आलेले आहे. मान देणे म्हणजे त्या माणसाचे जेवढे वजन आहे तेवढे मानणे. नुसत्या स्तुतीने वडील हलके होतात. कोणीही उचलावेत आणि कोठेही ठेवावेत, असे. गॉसच्या दुसऱ्या पुस्तकात वडील जड आहेत. पुत्राला ते ओझे वाटले, त्याने ते झुगारलेही; पण ते हलके होते असे त्याने कधी भासवले नाही. आमच्या मते आज्ञेचे पालन पहिल्या पुस्तकापेक्षा दुसऱ्यात अधिक झाले आहे.

आता आमच्या वडिलांविषयी. विहिरीच्या पाण्याच्या पाळीवरून ते आणि आमचे काका अकरा वर्षे एकमेकांशी बोलत नव्हते. वाड्या शेजारी, रहाट एक, आणि अबोला. अंत्यविधीच्या प्रवचनात आम्ही वडिलांना शांतताप्रिय म्हटले. काका तिसऱ्या बाकावर बसले होते. दफनानंतर दफनभूमीच्या फाटकाशी त्यांनी आम्हाला थांबवले. ते आम्हाला नेहमी ‘बाळा’ म्हणत. त्या दिवशी ‘फादर’ म्हणाले. ‘फादर, तुम्ही ज्यांच्याविषयी बोललात त्यांना मी ओळखत नाही. माझा भाऊ भांडखोर होता. पण माझ्या पाळीला पाणी कमी पडलं की पहाटे कोणी तरी माझ्या केळींना पाणी सोडून जायचं. मी कधी विचारलं नाही, त्यानं कधी सांगितलं नाही.’

त्या पाण्याची आम्हाला काहीच कल्पना नव्हती. भांडण लपवले नसते, तर कदाचित प्रवचनापूर्वीच कोणी तरी ते सांगितले असते. आता काकाही नाहीत. म्हणून स्मृतिदिनाचा मजकूर घेऊन येणाऱ्या मुलांना आम्ही हल्ली एवढेच सुचवतो की विशेषणे राहू द्या, पण त्याआधी वडिलांशी ज्यांचे पटले नाही अशा एका माणसाला भेटून या.