अनंतफंदीचा फटका : प्रभावाचे स्वरूप

संगमनेरच्या अनंतफंदीचा (1744–1819) विचार करताना अहिल्याबाई होळकरांची आख्यायिका प्रथम पुढे येते. बाईंच्या उपदेशाने त्याने तमाशाचा फड सोडून कीर्तनाची कास धरली, असे परंपरा सांगते. ही आख्यायिका खरी मानली, तरी फटका हा लावणीच्या त्यागातून जन्मला, हा तिच्यावरून काढला जाणारा निष्कर्ष मात्र ग्राह्य ठरत नाही.

श्रोत्यास फटकारणे मराठीला नवे नव्हते. तुकोबांनी ते पूर्वीच केले होते. परंतु तेथे अधिकार भक्ताच्या अनुभवाचा आहे, फंदीच्या फटक्यात तो व्यवहारी शहाणपणाचा आहे. आज्ञार्थी क्रियापदे, चरणांतर्गत यमके, चावडीवरची बोली आणि ठेक्यावर आदळणारा चरणान्त ही त्याची सारी सामग्री फडातील आहे. समोरचा श्रोता उठून जाऊ नये, ही शाहिराची जुनी चिंता तीत स्पष्ट दिसते.

या सामग्रीचे सामर्थ्य उत्तरकाळात सिद्ध झाले. स्वातंत्र्याच्या पन्नाशीला कुसुमाग्रजांनी ‘स्वातंत्र्यदेवतेची विनवणी’ लिहिली, ती फटक्याच्याच घाटात. तेथे उपदेश व्यक्तीच्या वर्तनापुरता न राहता नागरिकाच्या कर्तव्याकडे वळला. हटकण्याचा सूर तेवढा फंदीचा राहिला.

तात्पर्य, फंदीची नीती त्याच्या काळाची होती. टिकला तो त्याचा सूर, आणि तो तमाशाने घडविला होता. कीर्तनकार फंदीचा गौरव करताना शाहीर फंदीला वगळणे म्हणजे ऋणकोची स्तुती करून धनकोचे नाव पुसणे होय.