निश्चित लांबीच्या स्ट्रिंगचे आरंभमूल्य : ॲडा भाषेतील एका नियमाची चिकित्सा

१

प्रोग्रॅमिंगच्या भाषांचे परीक्षण करताना अभ्यासकांचे लक्ष सामान्यतः मोठ्या विषयांकडे जाते. प्रकारव्यवस्था, समांतर प्रक्रिया, प्रोग्रॅमचे विभाग पाडण्याच्या सोयी यांवर पुष्कळ लिहिले गेले आहे. प्रस्तुत लेखाचा विषय त्यामानाने फारच लहान आहे. वीस अक्षरे मावतील एवढ्या लांबीचा एक स्ट्रिंग-चल घोषित करावयाचा आहे आणि त्याचे आरंभमूल्य म्हणून रोमन लिपीतील ‘पुणे’ हे चार अक्षरांचे नाव द्यावयाचे आहे. उरलेल्या सोळा स्थानांत काय असावे, आणि ते कोणी ठरवावे, एवढाच प्रश्न आहे. परंतु ज्या भाषेत प्रकारांचे बंधन कडक आहे, त्या भाषेत या प्रश्नाला टाळता येत नाही. आणि त्याचे जे उत्तर दिले जाते त्यावरून त्या भाषेच्या कर्त्यांची दृष्टी चांगली पारखता येते.

येथे मुख्यतः ॲडा भाषेचा विचार केला आहे. अमेरिकेच्या संरक्षण खात्यासाठी झां इकबिया यांच्या नेतृत्वाखाली ही भाषा रचली गेली. तिचे पहिले अमेरिकन राष्ट्रीय मानक १९८३ साली आणि पुढील सुधारित आंतरराष्ट्रीय मानक १९९५ साली प्रसिद्ध झाले. या भाषेत वर सांगितलेली घोषणा सरळ लिहिली असता ती स्वीकारली जात नाही. चाराच्या जागी वीस अपेक्षित आहेत, अशा अर्थाचा दोष उद्भवतो. नव्या विद्यार्थ्याला हा नियम जाचक वाटतो आणि तशी तक्रार वारंवार ऐकू येते. ही तक्रार कितपत ग्राह्य आहे ते पाहावयाचे आहे. प्रस्तुत लेखकाच्या मते मूळ नियम योग्य आहे. उणीव आहे ती नियमाच्या जोडीला जी साधने दिली गेली त्यांत.

२

प्रथम इतर भाषांनी या प्रश्नाची उत्तरे कशी दिली ते पाहू. १९६० सालच्या कोबोलने आणि पुढे फोरट्रानच्या १९७७ च्या आवृत्तीने, उरलेली स्थाने उजवीकडे स्पेस घालून भरण्याचे काम भाषेनेच पत्करले. त्याचबरोबर मूल्य लांब असेल तर वाढीव अक्षरे गाळून टाकण्याचेही काम तिनेच पत्करले, आणि तेही प्रोग्रॅमरला न सांगता. आखूड मूल्याच्या बाबतीत ही सोय आहे. लांब मूल्याच्या बाबतीत तीच सोय माहिती नष्ट करते. तरीही या व्यवस्थेत एक अंतर्गत सुसंगती आहे, हे मान्य केले पाहिजे. या भाषांत दोन स्ट्रिंगची तुलना करतानाही आखूड स्ट्रिंग स्पेसने भरलेली आहे असेच धरले जाते. त्यामुळे चार अक्षरी ‘पुणे’ आणि सोळा स्पेससह वीस स्थानांत ठेवलेले ‘पुणे’ ही दोन्ही समान ठरतात. भरताना जो संकेत, तोच तुलनेच्या वेळीही पाळला जातो.

सी भाषेची रीत निराळी आहे. वीस स्थानांच्या ॲरेला चार अक्षरांचे आरंभमूल्य दिले तर उरलेली स्थाने शून्यांनी भरली जातात. परंतु ॲरे नेमका चारच स्थानांचा असेल, तर १९८९ सालच्या मानकानुसार ‘पुणे’ ही चार अक्षरे त्यात बसविण्यास परवानगी आहे. फक्त स्ट्रिंगचा शेवट दर्शविणारे शून्य तेवढे बाहेर राहते. मग स्ट्रिंग म्हणून वाचावयास गेल्यास वाचन पुढच्या स्मृतीत शिरते. सी-प्लस-प्लसने ही सवलत काढून घेतली, ते योग्यच झाले.

निक्लाउस व्हिर्ट यांच्या १९७० सालच्या पास्कलचे उत्तर सर्वांत कठोर आहे. तेथे ॲरेची लांबी हा त्याच्या प्रकाराचाच भाग आहे. चार अक्षरांची स्ट्रिंग हा एक प्रकार आणि वीस अक्षरांची हा दुसरा; तेव्हा एकाचे मूल्य दुसऱ्यात घालता येत नाही आणि हा दोष भाषांतराच्या वेळीच, म्हणजे कंपायलरकडूनच, पकडला जातो. शिवाय प्रमाण पास्कलमध्ये घोषणेबरोबर आरंभमूल्य देण्याची सोयच नाही. या कठोरपणाची किंमत ब्रायन कर्निघन यांनी १९८१ साली आपल्या टीकालेखात मांडली. लांबी प्रकारात मिसळली की कोणत्याही लांबीच्या स्ट्रिंगवर चालणारी एकच सर्वसाधारण प्रक्रिया लिहिता येत नाही, हा त्यांचा प्रमुख आक्षेप होता, आणि तो निरुत्तर करणारा होता.

३

ॲडाचे उत्तर या पार्श्वभूमीवर वाचले पाहिजे. ॲडामध्ये स्ट्रिंग हा एकच प्रकार असून त्याची लांबी मोकळी ठेवलेली आहे. लांबी ठरते ती एखादा विशिष्ट चल घोषित करताना, आणि तिच्यामुळे निराळा प्रकार निर्माण होत नाही. निर्माण होतो तो उपप्रकार. हा भेद केवळ शाब्दिक नाही. त्यामुळे वीस अक्षरांची आणि चार अक्षरांची स्ट्रिंग एकाच प्रक्रियेकडे सोपविता येते, आणि कर्निघन यांच्या आक्षेपाचे निराकरण होते. मात्र याचा दुसरा परिणामही स्वीकारावा लागतो. लांबी प्रकारातून काढली की लांबीची तपासणी तत्त्वतः भाषांतराच्या वेळेवरून चालविण्याच्या वेळेवर ढकलली जाते. आरंभमूल्याची लांबी जुळली नाही तर ॲडाचा प्रोग्रॅम भाषेच्या दृष्टीने नियमबाह्य ठरत नाही. तो चालू असताना ‘कन्स्ट्रेंट एरर’ हा अपवाद उद्भवतो. चांगला कंपायलर असा प्रसंग आधीच ओळखून इशारा देतो, पण तो केवळ इशाराच असतो. ‘ॲडा ही कडक प्रकारांची भाषा असल्यामुळे ती चार अक्षरे वीसात घालू देत नाही’ हे जे सामान्य स्पष्टीकरण दिले जाते, ते म्हणून नेमके नाही. प्रकाराच्या दृष्टीने दोहोंत काहीच विसंगती नसते. विसंगती असते ती परिमाणाची.

असे असता भाषेने स्वतःहून स्पेस का भरू नयेत? याचे उत्तर स्ट्रिंगच्या व्याख्येतच आहे. ॲडामध्ये स्ट्रिंग म्हणजे अक्षरांचा ॲरे, आणि ॲरेच्या सर्व नियमांना ती बांधलेली आहे. चार पूर्णांकांच्या ॲरेतून वीस पूर्णांकांचा ॲरे भरावा आणि उरलेल्या जागी भाषेने आपल्या मनाने काही घालावे, अशी अपेक्षा कोणी करणार नाही. स्पेस हेसुद्धा इतरांसारखेच एक अक्षर आहे. ते कोठे ‘काही नाही’ या अर्थाने आले आणि कोठे मजकुराचा भाग म्हणून आले, हे भाषेला कळण्याचा मार्ग नाही. तुलनेचा नियमही याच तत्त्वाला धरून आहे. लांबी भिन्न असलेल्या दोन स्ट्रिंग ॲडामध्ये कधीही समान ठरत नाहीत. फोरट्रानने भरणे आणि तुलना या दोन्ही ठिकाणी एक संकेत स्वीकारला; ॲडाने दोन्ही ठिकाणी तो नाकारला. दोन्ही भूमिका आपापल्या परीने सुसंगत आहेत. पण लांब मूल्य न सांगता कापण्याचा दोष केवळ दुसऱ्या भूमिकेतच टळतो, म्हणून ती श्रेष्ठ मानली पाहिजे.

४

आता साधनांकडे वळू. उरलेली स्थाने प्रोग्रॅमरने भरावीत असे एकदा ठरविल्यावर ती सुलभपणे भरण्याची सोय देणे हे भाषेचे कर्तव्य ठरते. १९८३ च्या ॲडात ही सोय तोकडी होती. सर्व वीस स्थाने स्पेसने भरावयाची असतील तर ‘अदर्स’ या शब्दाने ते एका ओळीत साधते, आणि ती रचना खरोखर सुबक आहे. चलाची लांबी पुढे बदलली तरी ती ओळ बदलावी लागत नाही. परंतु आरंभी ‘पुणे’ आणि पुढे स्पेस असे हवे असेल तर ‘अदर्स’च्या जोडीला अवतरणचिन्हांतील पूर्ण शब्द लिहिता येत नाही; त्याची चारही अक्षरे सुटी करून मांडावी लागतात. दुसरा मार्ग म्हणजे ‘पुणे’ला सोळा स्पेसची स्ट्रिंग जोडणे. त्यासाठी वीसातून चार वजा करण्याचे काम प्रोग्रॅमरकडे येते, आणि उद्या वीसाचे पंचवीस झाले की सोळाचा आकडा चुकीचा ठरतो. लांबी जुळते की नाही याची काळजी वाहणाऱ्या भाषेने ती मोजण्याचे काम माणसाच्या बोटांवर सोपवावे, हे विसंगत होते.

१९९५ च्या मानकाने ही उणीव ओळखून निश्चित लांबीच्या स्ट्रिंगसाठी एक स्वतंत्र ग्रंथालय-विभाग दिला. त्यातील दोन साधने आपल्या प्रश्नाशी निगडित आहेत. ‘मूव्ह’ ही प्रक्रिया एका स्ट्रिंगमधील मजकूर दुसरीत नेते, आखूड असल्यास स्पेस भरते आणि लांब असल्यास, निराळे काही सांगितले नसेल तर, ‘लेन्ग्थ एरर’ हा अपवाद उभा करते. मात्र कापली जाणारी अक्षरे केवळ भरणीची स्पेस असतील तर ती हरकत घेत नाही. हे वर्तन जवळजवळ आदर्श आहे. ‘हेड’ हे फलन मजकूर आणि इच्छित लांबी घेऊन तेवढ्या लांबीची स्ट्रिंग परत देते. आखूड मजकूर ते स्पेसने भरते, पण लांब मजकूर निमूटपणे कापते.

या दोन साधनांच्या वाटणीतच खरी अडचण आहे. ‘मूव्ह’ ही प्रक्रिया आहे, फलन नव्हे. म्हणून घोषणेत आरंभमूल्याच्या जागी तिला स्थान नाही. चल आधी अनिश्चित अवस्थेत घोषित करावा लागतो आणि नंतर विधानांच्या भागात तो भरावा लागतो. स्थिरांकाच्या बाबतीत तर हा मार्ग पूर्णपणेच बंद आहे. घोषणेत वापरता येते ते ‘हेड’, आणि तेच नेमके फोरट्रानच्या रीतीने वागते. म्हणजे मूल्य नुसते लिहिले तर भाषा लांबीची कसून तपासणी करते, आणि त्या तपासणीला तोंड देण्यासाठी तिच्याच ग्रंथालयातील जवळचे साधन हाती घेतले की तपासणीचा अर्धा हेतू नाहीसा होतो. वीस ऐवजी बावीस अक्षरांचे नाव आले तर शेवटची दोन अक्षरे जातात आणि कोणताही अपवाद उद्भवत नाही.

यावर कोणी म्हणेल की ‘हेड’ याचा अर्थच मुळी स्ट्रिंगचा आरंभीचा भाग असा आहे. त्याने आरंभीचा भाग दिला तर त्याला दोष का द्यावा? हे म्हणणे रास्त आहे, आणि दोष त्या फलनाचा नाहीच. दोष आहे तो दुसरे फलन न देण्याचा. कारण त्याच मानकातील मर्यादित लांबीच्या स्ट्रिंगच्या विभागाकडे पाहिले तर तेथे साध्या स्ट्रिंगचे रूपांतर करणारे फलन आहे. ते घोषणेत वापरता येते आणि मजकूर लांब असल्यास स्वभावतः अपवादच उभा करते. शिवाय त्या प्रकारच्या चलाला काहीच आरंभमूल्य दिले नाही तर तो रिकाम्या स्ट्रिंगने आरंभ होतो. म्हणजे योग्य वर्तन कोणते हे रचनाकारांना उत्तम ठाऊक होते. निश्चित लांबीच्या स्ट्रिंगला ते घोषणेच्या जागी मिळाले नाही, इतकेच.

सुदैवाने उपाय अवघड नाही. त्याच विभागात गुणाकाराच्या चिन्हाने एखादे अक्षर हव्या तितक्या वेळा पुनरावृत्त करण्याची सोय आहे. मजकूर आणि लांबी हे दोन घटक घेणारे एक फलन लिहावे. त्यात मजकुराला, इच्छित लांबीतून मजकुराची लांबी वजा करून येणाऱ्या संख्येइतक्या स्पेस जोडाव्यात. पुनरावृत्तीची संख्या ऋण असू शकत नाही असे बंधन त्या चिन्हावर आहेच. त्यामुळे मजकूर लांब असल्यास अपवाद आपोआप उद्भवतो आणि वेगळी तपासणी लिहावी लागत नाही. वीस हा आकडा नामांकित स्थिरांकात ठेवला की लांबी बदलल्यावर एकाच ठिकाणी दुरुस्ती पुरते. पदव्युत्तर वर्गांत ॲडा शिकविताना ‘हेड’ऐवजी हे फलन पहिल्याच आठवड्यात विद्यार्थ्यांकडून लिहवून घ्यावे, अशी सूचना कराविशी वाटते.

५

शेवटी एक मर्यादा सांगितली पाहिजे. येथवर आपण एक अक्षर म्हणजे एक स्थान असे गृहीत धरले. रोमन लिपीत ते चालते. देवनागरीत चालत नाही. १९८३ च्या ॲडाचा अक्षरप्रकार १२८ चिन्हांचा आणि १९९५ च्या ॲडाचा २५६ चिन्हांचा होता; देवनागरीला त्यात स्थान नव्हते. १९९५ सालीच आलेल्या सोळा बिटांच्या विस्तृत अक्षरप्रकारात युनिकोडची देवनागरी चिन्हे मावतात. तथापि व्यवहारात मराठी मजकूर पुष्कळदा यूटीएफ-८ या पद्धतीने, म्हणजे प्रत्येक चिन्हास तीन बाइट खर्चून, साठविला जातो. ‘कोल्हापूर’ हा शब्द वाचकाच्या दृष्टीने चार अक्षरांचा आहे. युनिकोडच्या मोजणीत त्याची चिन्हे नऊ होतात आणि बाइट सत्तावीस. वीस बाइटांच्या क्षेत्रात तो ‘हेड’ने बसविला तर सहा चिन्हे पूर्ण येतील आणि सातव्याचे, म्हणजे ‘प’चे, दोनच बाइट उरतील. असा तुकडा वाचताच येत नाही. मराठी नावे साठविणाऱ्या प्रोग्रॅममध्ये निमूटपणे कापणारे साधन म्हणूनच अधिक घातक ठरते. लांबी स्पष्ट मागणारा आणि ती न जुळल्यास थांबणारा ॲडाचा मूळ नियम आपल्या लिपीसाठी विशेष उपकारक आहे. मात्र ती लांबी चिन्हांची की बाइटांची, हे प्रोग्रॅमरने घोषणेपूर्वीच ठरविलेले असले पाहिजे.