प्रतिज्ञेतला ‘पाईक’ आला कुठून?

पाठ्यपुस्तकातल्या प्रतिज्ञेवर लेख लिहायचा म्हटलं की एकच साचा चालतो: विस्मृतीत गेलेला लेखक. विशाखापट्टणमचे जिल्हा कोषागार अधिकारी पैडिमर्री वेंकट सुब्बाराव यांनी 1962 मध्ये ती तेलुगूत लिहिली. 1963 मध्ये तिथल्याच एका शाळेत ती म्हटली गेली. 1964 मध्ये केंद्रीय शिक्षण सल्लागार मंडळाच्या बंगळूरच्या बैठकीत ती देशभर न्यायचं ठरलं, आणि 26 जानेवारी 1965 पासून अंमल सुरू झाला. पुस्तकात लेखकाचं नावच नाही, अशी हळहळ, लेख संपला.

हळहळ रास्त आहे. पण या लेखांत प्रतिज्ञा कुणी वाचतच नाही. जणू तेलुगूतून निघालेला मजकूर जसाच्या तसा आपल्या पुस्तकात उतरला! संशोधनाची तयारी करणाऱ्याने इथे अडायला हवं.

चार भाषांतले पाठ शेजारी ठेवून बघा. परंपरांबद्दल इंग्रजीत साधं म्हटलंय की मी त्यांना लायक होण्याचा प्रयत्न करीन. तेलुगूतही अर्हतेचीच भाषा आहे. मराठीत मात्र त्या परंपरांचा ‘पाईक’ व्हायचंय. (मला चौथीपर्यंत ते कुणाचं तरी आडनाव वाटायचं.) पाईक म्हणजे पायदळातला शिपाई, धन्याचा एकनिष्ठ सेवक; तुकोबांचे पाइकाचे अभंग याच शब्दावर उभे आहेत. म्हणजे अनुवादकाने लायकीसोबत चाकरीही आणली. शेवटाकडे तेच. तेलुगूत देशाप्रती सेवाभावाचं वचन आहे, मराठीत निष्ठेचं. दोन्ही एकच नव्हेत: सेवा कामातून दिसते, निष्ठा तपासली जाते. आणि तेलुगूत प्राण्यांशी दयेने वागण्याचंही एक वाक्य आहे. ते आपल्याकडे नाहीच.

आता घाई कशी होते तेही सांगते. इंग्रजीत भाऊ आणि बहिणी, मराठीत नुसते ‘बांधव’. लगेच ‘मराठी पाठाने बहीण वगळली’ असा निष्कर्ष वहीत लिहून मी मोकळी झाले होते. मग तेलुगू पाहिलं. तिथे ‘सहोदरुलु’ आहे, तोही पुल्लिंगी अनेकवचनीच. बहीण मराठीने काढली नाही. इंग्रजीत आणि हिंदीत ती वेगळी सांगितली गेली. निष्कर्ष खोडला.

हे शब्द इतके का किसायचे? कारण प्रतिज्ञेचं बळ कायद्यात नाही. संविधानाच्या अनुच्छेद 51-क मध्ये राष्ट्रध्वज आणि राष्ट्रगीत आहे, 1971 च्या राष्ट्रीय प्रतिष्ठा अवमान प्रतिबंधक कायद्यातही ध्वज, संविधान, राष्ट्रगीत. प्रतिज्ञा कुठेच नाही. ती टिकली ती परिपाठाच्या रांगेत, हात पुढे धरून, रोज. मूल नेमकं कशाचं वचन देतंय हे त्या भाषेतला पाठच ठरवतो, सुब्बारावांचं मूळ नव्हे.

माझ्या तुलनेतही एक फट आहे. मी वापरलेला तेलुगू पाठ आजच्या पुस्तकांतला. तोच 1962 चा मजकूर असं गृहीत धरून ‘मराठीने बदललं’ म्हणणं कच्चं ठरेल. म्हणून प्रबंधात मी ‘बदल’ हा शब्द काढून ‘पाठभेद’ लिहिलाय, आणि आता मराठी पुस्तकांच्या जुन्या आवृत्त्या सालवार चाळतेय, पाईक पहिल्यांदा कधी दिसतो ते बघायला.