पी.सी.आर. आणि ‘अचूक’ निदान

करोनाच्या साथीत पी.सी.आर. हा शब्द शाळकरी मुलांच्याही तोंडी बसला. या तंत्रावरचे जे लोकप्रिय लेख आमच्या वाचनात येतात, ते बहुतेक एकाच साच्याचे असतात: पूर्वी निदानाला आठवडे लागत, आता काही तासांत अचूक निदान होते. यातल्या ‘अचूक’ या शब्दाला आमची हरकत आहे.

मायसेटोमाचे उदाहरण घेऊ. अनवाणी पायात काटा रुततो, त्याबरोबर जंतू आत शिरतो. पाऊल हळूहळू सुजते, फारसे दुखत नाही, आणि पुढे छिद्रांतून पू व बारीक दाणे बाहेर पडू लागतात. मायसेटोमा हे नाव १८६०च्या सुमारास मुंबईच्या ग्रँट मेडिकल कॉलेजातले प्राध्यापक हेन्री कार्टर यांनी दिले. (‘ग्रेज अनॅटॉमी’तली चित्रे काढणारे कार्टर ते हेच.) नावाचा अर्थ बुरशीची गाठ. पुढे लक्षात आले की दिसायला असाच रोग काही जिवाणूही घडवतात. हा फरक रोग्याच्या दृष्टीने मोठा आहे. जिवाणू प्रतिजैविकांना दाद देतात. बुरशी असेल तर वेगळी औषधे महिनोन्‌महिने घ्यावी लागतात आणि पुष्कळदा शस्त्रक्रियाही करावी लागते. दाण्यांच्या रंगावरून अंदाज बांधता येतो. काळे दाणे बहुधा बुरशीचे, लाल जिवाणूंचे. पांढरे मात्र दोन्हींचे असू शकतात.

इथे पी.सी.आर. उपयोगी पडते. डीएनएचा नेमका तुकडा दर फेरीत दुप्पट होतो. ३० फेऱ्यांत एकाचे सुमारे १०७ कोटी. (हा हिशेब वर्गात करून पाहण्याजोगा आहे.) पण दुप्पट होतो तो फक्त आपण घातलेले आरंभक तुकडे जिथे जुळतात तोच भाग. मादुरेला मायसेटोमॅटिस या बुरशीचे आरंभक घातले आणि जंतू दुसराच असला, तर उत्तर ‘नाही’ येते. रोग मात्र असतोच. सगळ्या बुरशींना जुळणारे आरंभक घातले, तर कातडीवर सहज बसलेली बुरशीही सापडते. म्हणून नमुना खोलातून घ्यावा लागतो. सुदानमध्ये माती आणि काट्यांवर या बुरशीचा डीएनए मिळाला, पण त्या नमुन्यांतून ती वाढवता आली नाही. डीएनए सापडणे आणि जिवंत जंतू सापडणे या दोन गोष्टी आहेत.

या तंत्राचे खरे श्रेय हे लेख सांगतच नाहीत. २०१२ साली डीएनएमधील अक्षरांचा क्रम वाचून मादुरेलाच्या नव्या जाती वेगळ्या काढल्या गेल्या. त्यांपैकी मादुरेला फहाली ही जात इट्राकोनॅझोल या नेहमीच्या औषधाला जुमानत नाही. दाण्यांचा काळा रंग पाहून हे कधीच कळले नसते.

आणि हे करायचे कुठे? रोग होतो तो शेतमजुरांना, गुराख्यांना. यंत्र असते राजधानीत. १९९१ पासून या रोगावर काम करणारे खार्टूमचे संशोधन केंद्र २०२३ साली सुरू झालेल्या युद्धात उद्ध्वस्त झाले, आणि अनेक वर्षे जपलेले नमुनेही त्याबरोबर गेले.