क्लासिक : शब्दाची जात

दलित कविता वाचून झाली की समीक्षक मान हलवतात. अनुभव जळजळीत आहे म्हणतात, पण क्लासिक काही नव्हे. ठीक. मग या क्लासिकचाच जन्मदाखला काढू.

रोमची परंपरा सांगते, सर्व्हियस टुलियस राजाने नागरिकांची मालमत्ता मोजून पाच वर्ग पाडले. लॅटिनमध्ये वर्गाला 'क्लासिस' म्हणतात. ऑलस गेलियस लिहितो की 'क्लासिकस' फक्त पहिल्या वर्गातल्यांना म्हणत. ज्यांची मालमत्ता १ लाख २५ हजार आस, म्हणजे तांब्याची नाणी, किंवा त्याहून जास्त, ते क्लासिकस. बाकी सारे वर्गाखालचे. अगदी तळाला 'प्रोलेतारियस'. 'प्रोलेस' म्हणजे संतती. राज्याला द्यायला ज्याच्याजवळ पोरांशिवाय काही नाही, तो.

इथवर साहित्याचा पत्ताच नाही! इसवी सनाच्या दुसऱ्या शतकात हाच गेलियस 'अ‍ॅटिक नाइट्स' या ग्रंथात एक चर्चा देतो. वाळू या शब्दाचं अनेकवचन करावं का, असा वाद. फ्रोन्टो हा पंडित सांगतो, क्लासिकस लेखकाला विचारा, प्रोलेतारियसला नको. मालमत्तेच्या वहीतला शब्द असा वाङ्मयात घुसला. पुढं युरोपभर गेला, इंग्रजीत आला, ग्रंथालयात मानानं बसला. त्याचा जोडीदार प्रोलेतारियस मार्क्सनं उचलला, तो कारखान्याच्या दारात उभा राहिला.

मराठीत क्लासिकला आपण काय म्हणतो? अभिजात. म्हणजे चांगल्या कुळात जन्मलेला. रोमनं निदान पैसा मोजला. पैसा येतो, जातो. आपल्याकडं थेट जन्मच मोजला.

३ ऑक्टोबर २०२४ ला केंद्रीय मंत्रिमंडळानं मराठीला अभिजात भाषेचा दर्जा मंजूर केला. त्याच दिवशी पालीलाही. या पालीतल्या थेरीगाथेत पुण्णिका आहे. दासीची लेक. कडाक्याच्या थंडीत पाणी भरणारी. नदीत उतरलेल्या ब्राह्मणाला ती विचारते, अंघोळीनं पाप धुतं का?

कुळ बघाल तर पुण्णिका अभिजात नाही. कविता बघाल तर ती दोन हजार वर्षं टिकलीय. टिकणं हे माप असेल तर ते आम्हाला मंजूर आहे, आमच्या कवितेलाही लावा. पण मग कुळाची वही बाजूला ठेवा.

आणि मित्रहो, पुढच्या खेपेला कुणी क्लासिक म्हणाला की सरळ विचारा : काय मोजलंत, कविता की खानदान?