पिल्लाचे संगोपन : एक परीक्षण

परीक्षणकर्त्याने पुस्तक वाचलेलं असलंच पाहिजे, असा आपल्याकडे काही नियम नाही. मी मात्र हे पुस्तक वाचलं आहे. एकदा नव्हे, निदान चाळीस वेळा. आणि तेही रात्री दोन ते चारच्या दरम्यान, एका हातात पुस्तक, दुसऱ्या हातात फरशी पुसायचं फडकं आणि पायाशी बत्तीस दिवसांचं कुत्र्याचं पिल्लू, अशा अवस्थेत. पुस्तकाची इतकी कसून परीक्षा फार थोड्या समीक्षकांनी घेतली असेल. तेव्हा साहित्यातलं मला काही कळत नसलं तरी या एका पुस्तकावर बोलण्याचा माझा अधिकार कुणी नाकारू नये.

पुस्तकाचं नाव मी सांगत नाही. लेखकांचंही नाही. ते आता या जगात नसावेत, आणि असलेच तर या वयात त्यांना माझ्याकडून बोलणी खायला लागू नयेत. जुन्या पुस्तकांच्या गाडीवर वीस रुपयांना ते मला मिळालं. पानं शहाण्णव. मुखपृष्ठावर वेताच्या टोपलीत बसलेलं एक गुबगुबीत अल्सेशियन पिल्लू. टोपली कोरडी. पिल्लू कोरडं. टोपलीखालची सतरंजीही कोरडी. माझा पहिला आक्षेप इथूनच सुरू होतो. मुखपृष्ठ हे ग्रंथाच्या अंतरंगाचं निदर्शक असावं म्हणतात. तसं असतं तर त्या चित्रात कुठेतरी एक बादली दिसायला हवी होती.

पण आधी ढब्बूची हकिकत सांगितली पाहिजे.

सांगलीला माझ्या मेहुण्यांकडे चंद्री नावाची कुत्री आहे. चंद्री गावठी. तिला नोव्हेंबरात पाच पिल्लं झाली. आमची कन्या गेली सहा वर्षं कुत्रं-कुत्रं करत होती, आणि सहा वर्षं मी ‘बघू’ म्हणत होतो. ‘बघू’ म्हणजे ‘नाही’, हे तिला कळायला लागलं तेव्हाच नेमकं आम्ही सांगलीला गेलो. पुढचं काय सांगायचं? त्यांतलं सर्वांत गोल पिल्लू तिच्या मांडीवर झोपलं आणि माझा सहा वर्षांचा निग्रह तिथेच संपला.

“लहान आहे का हो फार?” सौ.नं भावाला विचारलं.

“छे गं! दूध तोडलंय की आता. न्या खुशाल.”

टॉवेल घातलेल्या पिशवीतून आम्ही त्याला बाहेर काढलं. चंद्री फाटकापर्यंत आली. तिनं पिशवीचा वास घेतला, मग माझ्याकडे पाहिलं. मेहुण्यांनी फाटक लावलं. पुणे गाठेपर्यंत पिल्लानं टॉवेल दोनदा आणि माझी विजार एकदा भिजवली. कंडक्टरनं पिशवीत डोकावून “याचं हाफ काढू का?” असं विचारलं, एवढंच काय ते त्या प्रवासात सुखाचं.

आता पुस्तकाकडे वळू. पहिलं प्रकरण ‘पहिली रात्र’. लेखक म्हणतात, पिल्लाच्या अंथरुणात टॉवेलात गुंडाळलेले टिकटिकणारे घड्याळ ठेवावे. ते आईच्या काळजाचे ठोके समजून पिल्लू शांत झोपी जाते. इथे व्याकरणाकडे लक्ष वेधावंसं वाटतं. ‘झोपी जाते’ हा साधा वर्तमानकाळ आहे. सूर्य पूर्वेला उगवतो, नदी समुद्राला मिळते, पिल्लू झोपी जाते. इतक्या खात्रीनं वर्तमानकाळ वापरणाऱ्या लेखकांनी एका तरी पिल्लाबरोबर एक तरी रात्र काढली असेल, असं मला वाटत नाही.

शिवाय आजकाल घरात टिकटिकणारं घड्याळ असतं कुठे? माळ्यावरून मी वडिलांचं गजराचं घड्याळ काढलं, किल्ली दिली, टॉवेलात गुंडाळलं. पिल्लू अर्धा तास रडलं आणि दमून गप्प झालं. मी लेखकांना मनातल्या मनात धन्यवाद दिले. पहाटे साडेचारला घड्याळ वाजलं. माझ्या मॅट्रिकच्या अभ्यासासाठी वडिलांनी लावलेला गजर तसाच राहिला होता! त्या काळीही मी त्यानं उठलो नव्हतो. पण ढब्बू उठला, कन्या उठली, वरच्या मजल्यावरच्या काकू उठल्या. काकू नंतर चार दिवस जिन्यात माझ्याशी बोलल्या नाहीत, हा घड्याळाचा एकमेव फायदा.

दुसऱ्या रात्री मी घड्याळ काढलं, शेकायच्या पिशवीत कोमट पाणी भरलं, ती आईच्या जुन्या लुगड्यात गुंडाळून त्याच्या खोक्यात ठेवली आणि शेजारी फरशीवर सतरंजी टाकून आडवा झालो. हात खोक्यात. त्यानं माझ्या मनगटावर हनुवटी ठेवली. डिसेंबरची थंडी, फरशी गार, हाताला मुंग्या. हात काढला की रडणं. मध्यरात्री सौ. पाणी प्यायला उठली, तिनं दिवा लावून हा देखावा पाहिला.

“पोरीसाठी जागलात का हो कधी असं?”

या प्रश्नाचं उत्तर पुस्तकात नाही.

दुसरं प्रकरण ‘स्वच्छतेच्या सवयी’. शैलीच्या दृष्टीनं हे पुस्तकातलं सर्वांत ओजस्वी प्रकरण. पिल्लाने जागा चुकवली तर त्याचे नाक त्यात घासावे, म्हणजे त्यास लाज वाटते, असं लेखक सांगतात. मला इथे लेखकांचंच नाक कुठेतरी घासावंसं वाटलं. महिन्याच्या जिवाला मूत्राशय केवढं? अंदाजाचा एक हिशेब जाणकार सांगतात : पिल्लू जितक्या महिन्यांचं, त्यात एक मिळवा, तितके तास ते फार तर दम धरतं. म्हणजे आमच्याकडे दोन तास. उठल्यावर, खाल्ल्यावर आणि खेळल्यावर मात्र लगेच. आणि त्याच्या दिवसात उठणं, खाणं, खेळणं याखेरीज चौथी गोष्टच नसते. झाल्यावर पाच मिनिटांनी नाक घासलं तर आपण ‘ते’ केल्याबद्दल शिक्षा आहे, हे त्याला कसं कळावं? त्याला एवढंच कळतं, की या माणसाला अधूनमधून काहीतरी होतं.

आम्ही वर्तमानपत्रं पसरली. ढब्बू प्रामाणिकपणे जाऊन त्यांवर उभा राहायचा. म्हणजे पुढचे दोन पाय वर्तमानपत्रावर, मागचे दोन फरशीवर. आपल्या मते तो वर्तमानपत्रावरच असे. वर्तमानपत्रांत मजकूर लिहिणाऱ्या पुष्कळांचीही अशीच समजूत असते, म्हणून मी त्याला बोललो नाही. फक्त कागद वाढवले.

इथपर्यंत पुस्तकातल्या चुका हसण्यावारी नेता येतात. तिसऱ्या प्रकरणाची गोष्ट वेगळी.

‘आहार’ या प्रकरणात लेखकांनी नेमकं एक वाक्य खर्च केलं आहे : लहान पिल्लास गाईचे कोमट दूध हवे तितके द्यावे. आम्ही दिलं. त्याला हवं तितकं, म्हणजे फारच, दिलं. तिसऱ्या दिवशी त्याला जुलाब लागले. चौथ्या दिवशी पहाटे मी खोक्यात हात घातला तर हनुवटी मनगटावर आली नाही. अंग गार, मान टाकलेली, हिरड्या पांढुरक्या. मी कन्येला उठवू नको म्हणालो. ती केव्हाच मागे येऊन उभी होती.

जनावरांच्या डॉक्टरांना फोन केला. त्यांनी साखरेचं पाणी हिरड्यांना चोळा, उबेत गुंडाळा आणि निघा, एवढंच सांगितलं. सौ.नं त्याला पदरात पोटाशी धरलं. रिक्षात कुणी बोललं नाही. कन्या दर मिनिटाला त्याच्या तोंडात साखरेचं बोट फिरवत होती. स्वारगेटच्या सिग्नलला त्यानं ते बोट एकदा चोखलं. तेव्हा रिक्षावालाच म्हणाला, “आहे, आहे!” आणि सिग्नल तोडला.

डॉक्टरांनी सलाइन लावलं, पार्व्होची तपासणी केली. ती सुदैवानं निघाली नाही. (हा रोग १९७८च्या सुमारास जगात आला. पुस्तक त्याआधीचं असल्यानं याबाबतीत मी लेखकांना दोष देत नाही. मी न्यायी समीक्षक आहे.) मग त्यांनी वय विचारलं. मी सांगितलं. त्यांनी पेन खाली ठेवलं.

“बत्तीस दिवसांचं आणलंत? विकत घेतलं?”

“नाही, मेहुण्यांनी दिलं.”

“विकत घेतलं असतंत तर विकणारा अडकला असता. २०१७च्या नियमांप्रमाणे आठ आठवड्यांच्या आत पिल्लू विकता येत नाही.”

मेहुण्यांना कसलाच नियम नसतो, हे मला लग्नापासून ठाऊक आहे. पण फाटकाच्या आत पिशवी धरून मीच उभा होतो.

कुत्रीच्या दुधात गाईच्या दुधाच्या दुपटीहून अधिक स्निग्धांश आणि प्रथिनं असतात आणि साखर कमी असते, हे तेव्हा कळलं. गाईच्या दुधातली साखर पुष्कळ पिल्लांना पचत नाही. एवढ्याशा जिवाच्या यकृतात साठा तो किती असणार? पोट बिघडलं, दोन वेळा खाणं चुकलं, की रक्तातली साखर उतरते आणि ते गार पडतं. मग लशींचं वेळापत्रक मिळालं. पहिली दीड महिन्याची झाल्यावर, पुढे तीन-चार आठवड्यांनी, चार महिन्यांपर्यंत. एकच लस पुन्हा पुन्हा कशाला, मी विचारलं. डॉक्टर म्हणाले, पहिल्या दिवशीच्या चिकातून आईनं दिलेलं संरक्षण याच्या रक्तात अजून आहे. ते आहे तोवर आपली लस ते चालू देत नाही. ते नेमकं कधी ओसरेल हे प्रत्येक पिल्लाचं वेगळं. म्हणून आपण दर महिन्याला दार ठोठावून पाहायचं.

म्हणजे मी फाटक लावून घेतलं, बस पकडली, दोनशेच्यावर किलोमीटर दूर आलो, तरी चंद्री आत होतीच. सुईलासुद्धा तिची परवानगी लागत होती.

त्या रात्री ढब्बू खोक्यात आणि मी सतरंजीवर, मी पुस्तक पुन्हा पहिल्यापासून वाचलं. या वेळी फक्त एक शब्द शोधत. शहाण्णव पानांत ‘आई’ हा शब्द दोनदा येतो. एकदा घड्याळाच्या वाक्यात. दुसऱ्यांदा खरेदीच्या प्रकरणात : आईबाप जातिवंत असल्याची खात्री करावी. संपलं. जणू पिल्लू हे टोपलीत उगवतं. माझा या ग्रंथावरचा मुख्य आक्षेप हाच. बाकी साऱ्या चुका यातूनच निघालेल्या. ज्याला आईचा विसर पडला, तो तिच्या जागी घड्याळ ठेवणार, दूध म्हणून कुणाचंही दूध देणार आणि चाटून साफ करण्याऐवजी नाक घासायला सांगणार.

हे आपल्या परंपरेलाही धरून नाही. आपल्याकडच्या गोष्टींतली कुत्री बहुधा मोठीच असतात. धर्मराजाबरोबर हिमालय चढणारं, नामदेवांची पोळी पळवणारं, दत्तगुरूंच्या पायाशी बसलेली चार. कुणाच्याही मागे फडकं घेऊन जावं लागलेलं नाही. पण महाभारतातल्या सुरुवातीच्या अनुक्रमण्या संपल्या, की पौष्य पर्वात पहिल्यांदा काय येतं? एक पिल्लू. यज्ञमंडपात शिरलं म्हणून जनमेजयाच्या भावांनी त्याला मारलं. ते रडत सरमेकडे गेलं आणि म्हणालं, मी काहीच केलं नाही, हवनाच्या सामग्रीकडे पाहिलंही नाही. सरमा त्या एवढ्या मोठ्या यज्ञात गेली आणि तिनं भर मंडपात जाब विचारला. कुणी उत्तर देईना, तेव्हा न दिसणारं भय तुमच्यावर येईल असं सांगून निघून आली. आणि सम्राट जनमेजय पुरोहित शोधत हिंडू लागला. व्यासांना जे पहिल्या काही पानांत सुचलं, ते आमच्या लेखकांना शहाण्णव पानांत सुचू नये! चंद्री सांगलीला होती हे माझं नशीब.

ढब्बू सावरला. मऊ भात, उकडलेली कोंबडी, डॉक्टरांनी दिलेली पावडर, दिवसातून पाच वेळा, थोडं थोडं. आठवड्यात त्यानं चपला खाल्ल्या, कन्येचं प्रगतिपुस्तक खाल्लं, विजेचं बिल खाल्लं. घरातली झाडून सारी छापील वस्तू त्यानं चावली. हे पुस्तक मात्र रात्रंदिवस जमिनीवर पडलेलं असूनही त्यानं त्याला तोंड लावलं नाही. समीक्षक म्हणून तो माझ्याहून संयमी आहे.

शेवटचं प्रकरण ‘चावण्याची खोड’. अकरा पानं. जबडा दाबून धरावा, नाकावर टिचकी मारावी, वर्तमानपत्राची सुरळी दाखवावी. (ज्या कागदावर त्यानं विधी करायचा, त्याचीच सुरळी!) कन्येनं ग्रंथालयातून एक जाड पुस्तक आणलं. त्यात स्कॉट आणि फुलर या अमेरिकन संशोधकांची माहिती होती. कुत्र्यांच्या वागणुकीवर वर्षानुवर्षं प्रयोग करून त्यांनी १९६५ साली ग्रंथ लिहिला. साधारण तिसऱ्या ते बाराव्या आठवड्यात पिल्लू जगाशी ओळख करून घेतं, असं त्यांनी दाखवलं. त्यातल्या पहिल्या निम्म्या काळात आई नि भावंडंच गुरू. आपण जोरात चावलो की भाऊ ओरडतो आणि खेळ थांबतो, हे भावाकडूनच कळायचं. ढब्बूचा भाऊ म्हणजे मी. मी ओरडत असे, खेळही थांबवत असे. तो दुसऱ्या पायाला धरत असे. माझ्या सगळ्या विजारी खाली झालरीच्या झाल्या.

चार महिन्यांच्या लशी पुऱ्या झाल्यावर गुढीपाडव्याला आम्ही त्याला सांगलीला नेलं. चंद्री अंगणात आंब्याखाली पडली होती. ढब्बू धावत गेला आणि ओळखपाळख न विचारता त्यानं तिचा कान धरला. चंद्री उठली. एकदाच गुरगुरली, त्याचं मानगूट तोंडात धरलं आणि जमिनीला टेकवलं. एक दातसुद्धा उमटला नाही. सोडलं, तेव्हा ढब्बू हातभर अंतरावर दोन्ही पंजे जुळवून बसला. असा बसलेला मी त्याला कधी पाहिला नव्हता.

“ओळखलं हो तिनं!” सौ.चे डोळे भरून आले.

“कुठल्याबी पिल्लाला असंच करती ती,” मेहुणे म्हणाले.

निघताना त्यांनी फाटक उघडलं. ढब्बू साखळीला होता. चंद्री त्याच्यावरून पुढे आली आणि माझ्या हातातल्या पिशवीचा तिनं वास घेतला. नाक आत घालून, सावकाश, तळापर्यंत. पिशवीत हळद होती आणि दोन पुडे भडंग. मी पिशवी तिच्यापुढे उघडी धरून उभा राहिलो. तिचं बघून झालं, मग आम्ही निघालो.