रॉझ माळावर आली असती तर

आज बोलायचंय 'द वाइल्ड रोबोट' या चित्रपटाविषयी. पीटर ब्राउन यांची मूळ कादंबरी २०१६ची, ख्रिस सँडर्स यांनी दिग्दर्शित केलेला चित्रपट २०२४चा. मुलांचा सिनेमा म्हणून तो बाजूला सारू नका. सोलापूरकरांनी तर मुळीच नको. का, ते ओघात येईलच.

गोष्ट अशी. माणसांची कामं करण्यासाठी बनवलेली रॉझ नावाची रोबोट वादळानंतर एका निर्मनुष्य बेटावर येऊन पडते. जागी होताच ती दिसेल त्या प्राण्याच्या मागे लागते : तुमचं काही काम असेल तर सांगा. कुणाचंच काही काम नसतं. जनावरं घाबरून पळतात, काही अंगावर येतात.

मग ती एके जागी बसते. दिवसच्या दिवस. अंगावर हिरवळ चढते, तरी हलत नाही. भोवतालचे आवाज ऐकत राहते आणि शेवटी तिला प्राण्यांची बोली कळू लागते. आमच्या मते हीच चित्रपटातली सर्वांत मोलाची मिनिटं आहेत. मदत करायला निघालेली यंत्रणा इथे पहिल्यांदा गप्प बसते.

आणि बघा, लेखक-दिग्दर्शक इथे तिला सोपं प्रमाणपत्र देत नाहीत. बोली शिकूनही ती अस्वलापासून पळताना रानहंसाच्या घरट्यावर कोसळते. घरटं संपतं, एक अंडं उरतं. त्यातून निघालेलं पिल्लू तिलाच आई समजतं. हे नुसतं भाबडं कल्पित नाही. कोनराड लोरेंझ या शास्त्रज्ञाने राजहंसांच्या पिल्लांवर हे दाखवून दिलं होतं : अंड्यातून बाहेर आल्यावर जे हलतं-चालतं प्रथम दिसेल, त्यामागे ती लागतात. १९९३ साली कॅनडाच्या बिल लिशमन यांनी तर हलक्या विमानामागे रानहंस उडवत त्यांना ऑंटारिओहून व्हर्जिनियाला नेलं. म्हणजे यंत्राने पिल्लाला स्थलांतर शिकवणं, हेही घडलेलंच.

आता सोलापूरकडे येऊ. बार्शी रस्त्यावरचं आपलं नान्नज. १९७९ साली इथे माळढोकासाठी अभयारण्य झालं. माळढोक बहुधा एकच अंडं घालतो, तेही उघड्या जमिनीवर. झाड नाही, ढोली नाही. त्याची सगळी सुरक्षितता कशात? तर दूरवर दिसणाऱ्या मोकळ्या माळात. आपण मात्र कागदोपत्री या माळाला 'पडीक' म्हणत आलो. पडीक म्हटलं की काहीतरी करावंसं वाटतंच. मग भलेपणाने झाडं लावली. ग्लिरिसिडियासारखी बाहेरची झाडं गवताच्या जागी उभी राहिली. माळाला विचारलं कुणी? रॉझसारखेच आपण काम मागत आलो आणि कुणी देण्याआधीच करून मोकळे झालो. शेती, कालवे, विजेच्या तारा ही कारणं आहेतच. पण आज नान्नजला माळढोक दिसला तर त्याची बातमी होते, त्यात या न विचारता केलेल्या मदतीचाही वाटा आहे.

म्हणून चित्रपटाच्या उत्तरार्धावर आमचा आक्षेप आहे. हिवाळ्याचं वादळ येतं, रॉझ सगळ्या प्राण्यांना ओढून आपल्या घरात आणते, आणि शिकारी व सावज यांच्यात तह होतो. बेटाची हाउसिंग सोसायटी होते आणि रॉझ तिची सेक्रेटरी. याच चित्रपटाने सुरुवातीला मरण किती रोजचं असतं हे हसत-हसत दाखवलं होतं; तोच इथे भूक विसरतो. आपल्या माळावर लांडगा आहे, काळवीट आहे. त्यांच्यात तह झाला तर लांडग्याने खायचं काय? दया ही माणसाची थोर गोष्ट आहे, मान्य. पण रानाने दयाळू व्हावं तरच ते आम्हाला आवडेल, ही अट रानावर लादणं म्हणजे पुन्हा झाडं लावणंच.

या संदर्भात मारुती चितमपल्ली आठवतात. सोलापुरात जन्मले, २०२५ साली सोलापुरातच गेले. वनखात्यातली हयातभराची नोकरी त्यांनी एका अर्थी रॉझच्या त्या बसून ऐकण्यातच घालवली. नवेगावबांध, नागझिरा, मेळघाट. जिथे गेले तिथल्या जंगलात राहणाऱ्या माणसांकडून ते शब्द शिकले. कावळ्यांच्या वसाहतीला 'काकागार', बगळ्यांच्या वसाहतीला 'सारंगागार' हे शब्द मराठीला त्यांच्यामुळे मिळाले. फरक एवढाच की त्यांनी जनावरांना आपली भाषा बोलायला लावली नाही. त्यांच्या जगण्यासाठी आपल्या भाषेत जागा केली. रॉझच्या बेटावर बोली कळताच सगळे माणसासारखे बोलू लागतात, आणि रान जरा लहान होतं.

तरीही मुलांना हा चित्रपट जरूर दाखवा. रॉझचं पिल्लू थव्याबरोबर उडून जातं तेव्हा ती थांबवत नाही, हे त्यांना कळू द्या. फक्त नंतर एक प्रश्न विचारा. रॉझ बेटाऐवजी आपल्या माळावर आली असती, तर आधी तिने काय करायला हवं होतं? एखादं पोर म्हणेल, गवतात गप्प बसायला हवं होतं. त्या पोराला माळ कळायला लागला, असं समजा.